तेलाच्या डब्यावरचा इतिहास

'वंगण घातल्याशिवाय गाडे हलत नाही' असे आपण नेहमी म्हणतो. ते म्हणताना आपल्या मनात बहुधा कचेरीतले निराळेच वंगण असते, तो भाग वेगळा! आज मात्र मी ज्या वंगणाविषयी बोलणार आहे ते खरेखुरे वंगण आहे. मोटारीच्या, जीपच्या, ट्रॅक्टरच्या इंजिनात घालायचे तेल. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने तेलाच्या डब्यात हात कशाला घालावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, त्या डब्यावर जी अक्षरे आणि जे आकडे छापलेले असतात, तो सगळा इतिहासच आहे. तो वाचता आला तर गाडी वाचते, आणि वाचता आला नाही तर इंजिन खोलण्याची पाळी येते.

आपल्या खेड्यापाड्यांतून नवी गाडी क्वचित येते. शहरात दहा-बारा वर्षे राबलेली, दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी कोणीतरी विकत घेतो आणि पुढे दहा वर्षे ती गावाची होते. बाजारहाट तिच्यातून, लग्नाचे वऱ्हाड तिच्यातून, आणि रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे तेही तिच्यातूनच. अशी गाडी ऐन वेळी घाटात बंद पडली तर तिची किंमत रुपयांत मोजता येत नाही. म्हणून या गाडीच्या पोटात कोणते तेल घालावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

दुकानात गेलो की रांगेने डबे मांडलेले दिसतात. मिस्त्री म्हणतो, 'गाडी जुनी आहे, जाड तेल घाला.' दुकानदार म्हणतो, 'सगळ्यांत नवे आणि महागाचे घ्या.' शेजारी म्हणतो, 'अहो, तेल ते तेल! स्वस्तातले ओता.' या तिघांपैकी खरे कोणाचे? जरा मागे जाऊन पाहू.

घर्षण कमी करण्याची धडपड फार जुनी आहे. इजिप्तमध्ये जेहुतीहोतेप नावाच्या एका सरदाराच्या कबरीत सुमारे ३९०० वर्षांपूर्वीचे एक चित्र आहे. शेकडो माणसे एक प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढीत आहेत, आणि गाडीच्या तोंडाशी उभा असलेला एक माणूस पुढच्या वाळूवर घागरीतून काही ओतीत आहे. ओल्या वाळूवर ओझे ओढायला बरेच कमी बळ लागते, हे अलीकडे २०१४ साली हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले.

आपल्याकडचे वंगण म्हणजे एरंडेल. बैलगाडीच्या साटीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे, आणि त्यात एरंडेलात काजळी कालवून केलेले काळे वंगण असे. आस कुरकुरू लागली की गाडीवान उतरून चाक जरा बाहेर ओढी, आसाला वंगण फाशी, आणि गाडी पुन्हा मुकाट्याने चालू लागे. हे वंगण काय काम करते? लाकडाचा तुंबा आणि लोखंडाची आस यांच्यामध्ये ते पातळ पदर होऊन बसते. दोन कठीण वस्तू एकमेकींना भिडू द्यायच्या नाहीत, एवढेच त्याचे काम. आजच्या अत्यंत महागड्या तेलाचे मुख्य कामसुद्धा तेच आहे, बरं का!

पुढे वाफेचे युग आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आपली पहिली प्रवासी आगगाडी धावली. आगगाडीच्या आसावर बैलगाडीच्या अनेकपट भार, आणि वेग तर विचारूच नका. त्या काळी यंत्रांना चरबी आणि वनस्पतींची तेले घालीत. अमेरिकेत तर वाफेच्या इंजिनांना तेल देण्यासाठी यंत्र थांबवावे लागे. हे थांबणे टळावे म्हणून एलायजा मॅकॉय या कृष्णवर्णीय यंत्रज्ञाने १८७२ साली आपोआप तेल देणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले. गुलामगिरीतून पळून कॅनडात आलेल्या आईबापांचा हा मुलगा. त्याने स्कॉटलंडमध्ये यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले होते. तरी अमेरिकेत त्याला काम मिळाले ते रेल्वेत कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे. त्या कामातूनच त्याला हा शोध सुचला.

पण तेल नेमके कशाने भार पेलते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते उघडकीला आले एका बुचामुळे. ही गोष्ट गुरुजींनी वर्गात अवश्य सांगावी. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशाम टॉवर नावाचा अभियंता आगगाडीच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. बेअरिंगच्या माथ्यावर त्याने तेल घालण्यासाठी एक भोक पाडले. यंत्र सुरू केले, तो त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उलट बाहेर उसळू लागले. त्याने भोकाला बूच मारले. तेलाने बूच उडवून दिले. मग लाकडाची खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकून निघून आली. शेवटी त्याने तिथे दाब मोजण्याचे यंत्र बसवले. त्याचा काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्याही पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता त्याच्या निम्मा!

म्हणजे काय? फिरणारी आस तेलाला आपल्याबरोबर ओढून फटीत कोंबते, आणि त्या कोंडलेल्या तेलात इतका दाब निर्माण होतो की सगळा भार ते आपल्या अंगावर तोलून धरते. धातू धातूला शिवतच नाही. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स या मँचेस्टरच्या प्राध्यापकाने याचे गणित मांडले. त्या गणिताचा अर्थ आपल्या भाषेत असा: तेलाचा पदर टिकतो तो तीन गोष्टींवर. तेल किती दाट, फिरण्याचा वेग किती, आणि दोन भागांमधली फट किती. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या गाडीचे सारे दुखणे या फटीत आहे.

दरम्यान तेलाचीही जात बदलली होती. १८५९ साली एडविन ड्रेकने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे विहीर खणून खनिज तेल काढले. लोकांना त्यातून हवे होते ते दिव्याचे रॉकेल. मागे उरणारे जाड तेल कोणाला नको होते. जॉन एलिस नावाचा एक डॉक्टर या तेलात काही औषधी गुण सापडतात का, ते पाहत होता. औषध सापडले नाही; पण वाफेच्या इंजिनांच्या झडपांना हे तेल फार मानवते, असे त्याच्या ध्यानात आले. १८६६ साली त्याने कंपनी काढली. तीच पुढे व्हॅल्व्होलाईन या नावाने प्रसिद्धीस आली. चरबी वाफेच्या उष्णतेने फुटते, आंबते आणि धातू खाते. खनिज तेल तसे करीत नाही. हा त्याचा मोठा गुण होता.

म्हणून एरंडेल लगेच बाद झाले असे मात्र नाही. लंडनच्या चार्ल्स वेकफिल्डने १९०९ साली मोटारी आणि विमाने यांच्यासाठी एक तेल काढले. त्यात एरंडेलाचा अंश होता, आणि एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच त्याने त्याला कॅस्ट्रॉल असे नाव दिले. पहिल्या महायुद्धात गरगर फिरणाऱ्या विमान-इंजिनांना शुद्ध एरंडेल घालीत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. आपल्या गाडीवानाचे वंगण असे विमानात बसून आकाशात गेले! पण एरंडेलात एक खोड होती. तापून तापून ते डिंकासारखे चिकट होई, आणि इंजिन वरचेवर खोलून साफ करावे लागे. युद्धातल्या विमानाला ते परवडले. रोज चालणाऱ्या मोटारीला परवडेना.

मोटारीचे सुरुवातीचे दिवस आठवा. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तेलाचा पंप नव्हता, की तेल गाळणारा फिल्टर नव्हता. फिरत्या चाकाने तेल उडायचे आणि जिथे पडेल तिथे पडायचे. मोटारीचे तेल गाळणारा फिल्टर अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंडने आणला तो १९२३ साली. तेलही साधे, त्यात काही मिसळलेले नसे. ते लवकर घाण होई, म्हणून वरचेवर बदलावे लागे. तेलाची जातही प्रत्येक विक्रेता आपापल्या शब्दांत सांगे. कोणी म्हणे 'हलके', कोणी म्हणे 'जड'. हा गोंधळ मोडण्यासाठी अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली तेलाच्या दाटपणाची पहिली प्रमाणे ठरवली. त्या संस्थेचे आद्याक्षरी नाव एसएई. आज प्रत्येक डब्यावर ही अक्षरे दिसतात, आणि त्यांच्यापुढे ३०, ४०, ५० असे आकडे असतात. आकडा मोठा, तेल दाट.

दाटपणाला शास्त्राच्या पुस्तकात विष्यंदिता म्हणतात. पण गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला तो शब्द पाठ करण्याची गरज नाही. कढईतली गरम काकवी पाण्यासारखी धावते, आणि तीच थंडीच्या सकाळी डब्यातून निघता निघत नाही. तेलाचेही तसेच. थंड इंजिनात ते इतके दाट होते की पंपाला ओढवत नाही, आणि तापल्या इंजिनात इतके पातळ होते की पदर टिकत नाही. म्हणून थंड देशांतले लोक हिवाळ्यात पातळ आणि उन्हाळ्यात दाट तेल घालीत. वर्षातून दोनदा हा खटाटोप!

यावर उपाय निघाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. तापल्यावर ज्याचे लांब रेणू उलगडतात असे द्रव्य पातळ तेलात मिसळले, तर उष्णतेने तेल पातळ होण्याचा वेग मंदावतो. मग थंडीतही वाहणारे आणि उष्णतेतही दम धरणारे असे एकच तेल तयार होऊ लागले. १९५० नंतरच्या दशकात ते मोटारींसाठी बाजारात रुळले. डब्यावर २०डब्ल्यू-५० असे छापलेले असते ना, ते याच जातीचे. यातला 'डब्ल्यू' म्हणजे इंग्रजीतला हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो, नंतरचा तापल्या इंजिनातली. २०डब्ल्यू तेलाची थंडीची परीक्षा शून्याखाली १५ अंशांवर घेतात, १५डब्ल्यूची शून्याखाली २० वर, आणि ५डब्ल्यूची शून्याखाली ३० वर. आपल्या निफाडला पारा फार उतरला तरी तो शून्याच्या वरच असतो. तेव्हा जुन्या गाडीसाठी पहिल्या आकड्याची फार धास्ती आपल्या मुलखात बाळगायला नको. नंतरच्या आकड्याची परीक्षा १०० अंशांवर होते, म्हणजे चालत्या इंजिनाच्या उष्णतेवर. खरे लक्ष तिकडे द्यायचे.

आता डब्यावरची दुसरी अक्षरे पाहू. एपीआय असे लिहून पुढे एसएन, एसपी किंवा सीआय-४ असे काही छापलेले असते. एपीआय ही अमेरिकेतली पेट्रोलियम धंद्याची संस्था. तिने १९४७ साली तेलाच्या गुणवत्तेचे वर्ग पाडायला सुरुवात केली. १९७० च्या सुमारास आजची पद्धत आली: पेट्रोल इंजिनासाठी पहिले अक्षर 'एस', डिझेलसाठी 'सी'. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढे, तितके तेल अलीकडचे. 'एसए' म्हणजे काहीही न मिसळलेले साधे तेल. १९९६ साली एसजे, २००१ साली एसएल, २००४ साली एसएम, २०१० साली एसएन, २०२० साली एसपी, अशी ही चढण आहे. शाळेतल्या इयत्तांसारखेच म्हणा ना!

यातल्या प्रत्येक पायरीच्या मागे कुठलीतरी इंजिने बिघडल्याची कथा आहे. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या आहेत.

पहिली कथा काजळीची. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल ट्रॅक्टरांच्या रिंगा पिस्टनच्या खाचांत चिकटून बसू लागल्या. तेल जळून त्याचा थर साचे आणि रिंगा जाम होत. तेव्हा तेलात धुण्याची द्रव्ये मिसळण्याची कल्पना निघाली. ही द्रव्ये धातूवरची घाण बसू देत नाहीत, आणि त्यांच्या जोडीला पुढे आलेली दुसरी द्रव्ये ती घाण तेलातच तरंगत ठेवतात. म्हणून चांगले तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. आपल्याकडे अजून समज आहे की तेल काळे झाले म्हणजे ते वाईट. उलट आहे! धुणे धुतल्यावर पाणी गढूळ होते, तसे ते आहे. इंजिन काळे आणि तेल स्वच्छ राहिले, तर काळजी करावी.

दुसरी कथा जस्ताची. १९४० नंतर तेलात जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचे एक संयुग मिसळू लागले. आधी ते बेअरिंगा गंजू नयेत म्हणून घातले. मग कळले की जिथे तेलाचा पदर तुटतो तिथेही ते धातूवर आपला एक पातळ थर बसवते आणि झीज वाचवते. इंजिनात असा पदर तुटतो कुठे? कॅम आणि टॅपेट जिथे एकमेकांवर घासतात तिथे. जुन्या बांधणीच्या इंजिनांत हा टॅपेट चपटा असतो, आणि कॅम त्याच्यावरून दाबून घासत जातो. अशा इंजिनांना जस्ताचा मोठा आधार असतो.

पुढे धुराचा प्रश्न आला. गाड्यांच्या धुराड्यात धूर शुद्ध करणारे यंत्र बसवणे सुरू झाले: अमेरिकेत १९७५ सालच्या गाड्यांपासून, आणि आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांत. इंजिन थोडे तेल जाळतेच. त्यातला फॉस्फरस या यंत्रावर बसून त्याला निकामी करतो. म्हणून पातळ जातीच्या तेलांत फॉस्फरसला मर्यादा आली. २००४ साली ती ०.०८ टक्क्यापर्यंत उतरली. फॉस्फरस उतरला की त्याच्याबरोबरचे जस्तही उतरते. नव्या इंजिनांत कॅमखाली फिरते रूळ असतात, त्यामुळे त्यांचे त्यावाचून फारसे अडत नाही. जुन्या चपट्या टॅपेटचे मात्र अडू शकते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे तिथलीच फिएट 'प्रीमियर पद्मिनी' झाली. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जुळवायला घेतली. बंगालातल्या उत्तरपाड्याची अँबॅसडर १९५० नंतरच्या दशकात निघाली आणि २०१४ साली बंद झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा निरोप ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. तुर्भ्याला १९५४ आणि १९५५ साली दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. वंगणाच्या तेलाचा कारखानाही तिथेच झाला. १९७२ साली इंडियन ऑईलचे 'सर्व्हो' आले, १९७४ साली एस्सो आणि ल्यूब इंडिया यांची मिळून हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. गाड्याही आपल्या झाल्या, तेलही आपले झाले. पण या सगळ्या गाड्यांची मूळ इंजिने चपट्या टॅपेटच्या जमान्यातली होती, हे विसरू नये.

एवढा इतिहास हाताशी आला की त्या तिघांच्या सल्ल्याचा निवाडा करता येतो.

स्वस्तातले कोणतेही तेल ओता म्हणणारा शेजारी सरळ चुकतो. ज्या डब्यावर एसएई आणि एपीआयचा पत्ताच नाही, किंवा जो 'एसए', 'एसबी' दर्जाचा आहे, तो जुन्या गाडीलाही घालू नये. गाडी जुनी आहे म्हणून तेलही जुन्या जमान्याचे हवे, असे मुळीच नाही. धुण्याच्या द्रव्यांचा फायदा जुन्या इंजिनालाही तितकाच होतो.

सगळ्यांत नवे घ्या म्हणणारा दुकानदार अर्धा बरोबर आहे. त्याला आधी विचारायचे, गाडी कोणत्या अर्थाने जुनी? जुनेपणा दोन प्रकारचा असतो. पद्मिनी, जुनी अँबॅसडर, जुनी जीप यांची बांधणीच जुनी. त्यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० यांसारखे तेल मानवते. फॉस्फरसची ती कडक मर्यादा मुख्यतः ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ जातींना आहे. तेव्हा नव्या दर्जाच्या २०डब्ल्यू-५० तेलात जस्त पुरेसे असू शकते. ते कंपनीच्या माहितीपत्रकात पाहता येते. जुन्या डिझेल जीपला आणि ट्रॅक्टरला डिझेलचेच, म्हणजे 'सी' वर्गाचे, बहुधा १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० तेल लागते.

दुसरा प्रकार असा की गाडी २००५ किंवा २०१० सालची आहे. बांधणी नवी, पण चाल खूप झालेली. तिच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिले असेल तर सुरुवात तिथूनच करावी. तिच्यातल्या तेलाच्या वाटा पातळ तेलाला जोखूनच कोरलेल्या असतात.

आता मिस्त्री. 'जाड तेल घाला' हा त्याचा सल्ला रेनॉल्ड्सच्या गणिताला धरून आहे, पण एका मर्यादेपर्यंत. चाल झाली की बेअरिंगांची आणि रिंगांची फट वाढते, फट वाढली की तेलाचा दाब उतरतो, आणि तेल वर चढून जळते. अशा वेळी एक पायरी दाट तेल घेतले, म्हणजे ३० च्या जागी ४०, तर दाब थोडा सावरतो आणि तेल खाण्याचे प्रमाण कमी होते. पण दोन-तीन पायऱ्या चढू नये. फार दाट तेल सकाळी सुरू करताना वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्या पहिल्या क्षणांतच होते. शिवाय दाट तेलाने धूर दबतो तो काही काळ. रिंगा झिजल्या असतील तर त्या तेलाने भरून येत नाहीत. गाडी विकण्याच्या आदल्या दिवशी जाड तेल घालून धूर लपवणारे लोक असतात, हेही घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

२००० साली अमेरिकेत खास जास्त चाललेल्या गाड्यांसाठी तेल निघाले, आणि आता तशी तेले बऱ्याच कंपन्या विकतात. त्यांत रबरी सील मऊ करून थोडे फुगवणारी द्रव्ये असतात, धुण्याची द्रव्येही जरा अधिक असतात. सील वाळून कडक झाल्यामुळे थेंब-थेंब गळती असेल, तर त्याचा उपयोग होतो. सील फाटलेच असेल तर बदलण्याला पर्याय नाही.

ज्या इंजिनात वर्षानुवर्षे साधे तेल होते किंवा तेल बदललेच नव्हते, त्याला चांगले तेल घातल्यावर जुनी घाण सुटू लागते. अशा वेळी पहिले तेल आणि फिल्टर नेहमीच्या निम्म्याच मुदतीत बदलावे. 'चांगले तेल घातले आणि गाडी गळू लागली' अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण पुष्कळदा हेच असते: आधी घाणीनेच फट बुजलेली होती. आणखी एक खूण. तेल दुधाळ, ताकासारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजा, आणि गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवा. तिथे कोणतेही तेल कामाचे नाही.

तेलाची निवड जितकी महत्त्वाची, त्याहून पातळी महत्त्वाची. तेल खाणाऱ्या गाडीची पट्टी आठवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन थंड असताना काढून पाहावी. दोन खुणांच्या मध्ये तेल हवे. सामान्य तेलावर नेमाने चाललेले इंजिन, उत्तम तेल असूनही पातळी न पाहिलेल्या इंजिनापेक्षा अधिक जगते.

गुरुजनहो, शाळेत करण्याजोगा एक साधा प्रयोग सांगतो. दोन सारख्या काचेच्या उभट बाटल्या घ्या. एकीत पातळ जातीचे नवे तेल, दुसरीत २०डब्ल्यू-५० भरा. दोहोंत सायकलच्या बेअरिंगचा एकेक छर्रा सोडून तळाशी जायला किती वेळ लागतो, ते मुलांना मोजू द्या. मग बाटल्या कोमट पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. दाटपणा म्हणजे काय, आणि उष्णतेने त्याचे काय होते, हे मुलांना व्याख्येवाचून समजेल.

शेवटी एक इशारा, आणि तोही इतिहासातलाच. १९५९ साली मोरोक्कोत मेकनेस या शहराच्या परिसरात सुमारे दहा हजार माणसांचे हातपाय लुळे पडले. चौकशीअंती कळले की विमानतळावरून विकले गेलेले जेट इंजिनाचे टाकाऊ वंगण व्यापाऱ्यांनी खाण्याच्या तेलात मिसळले होते. त्यातले विषारी द्रव्य मज्जातंतूंवर उतरले. म्हणून इंजिन-तेलाचा रिकामा डबा घासूनपुसून गोडे तेल, रॉकेल वा पाणी ठेवायला कधीही घेऊ नका. तो फोडून टाका. म्हणजे त्यात बनावट तेल भरून तो पुन्हा बाजारातही येणार नाही. आणि काढलेले काळे तेल ओढ्यात, विहिरीच्या काठी, गोठ्यात ओतू नका. ते साठवून तालुक्याच्या गॅरेजवर द्या. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेले तेल परत मिळवून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी कायद्याने तेल-कंपन्यांवरच टाकली आहे. तेव्हा ते कोठे जाते हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

असो. पुढच्या खेपेस दुकानात जाल तेव्हा गाडीचे पुस्तक बरोबर न्या. पुस्तक हरवले असेल तर गाडीचे साल आणि आजवरची चाल एका कागदावर लिहून न्या. डब्यावरचे दोन आकडे वाचा, एपीआयच्या पुढची अक्षरे वाचा, आणि मगच पैसे द्या. आणि उद्या सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, ती पट्टी एकदा बाहेर काढून पाहा.